पुलाआधीचा दांडा

फार वर्षांमागं, रस्त्यावरच्या रेल्वेच्या बुटक्या पुलाआधी पुलाच्याच उंचीवर एक लोखंडी दांडा आडवा बसवलेला होता. पुलाला धडक बसून वरची आगगाडी घसरू नये, म्हणून उंच गाड्यांची धडक त्यानं खायची. धडका आणि शिव्या खाऊन तो पार थकला होता.

एकदा विटा उतरवून ट्रक परत आला. दांडा म्हणाला, "थांब बाबा, अडकशील."

"सकाळी इथूनच गेलो की, म्हाताऱ्या."

"सकाळी ओझ्यानं दबला होतास. आता रिकामा झालास, चार बोटं वर आलास."

ट्रक हसत पुढं आला आणि दांड्यावर आदळून थांबला. दांडा वाकला. पुलावरून भरलेली आगगाडी सुखरूप गेली.

पूल म्हणाला, "तुझं बरंय बुवा, नुसतं लोंबकळायचं. मला तर आजवर कुणी धडकलंच नाही."

दांडा वाकल्या अंगानं रस्त्याकडं बघू लागला. लांबून दुसऱ्या ट्रकचा भोंगा ऐकू येत होता.