खिळ्यांनी ठोकलेली पट्टी

समुद्राकडे उतरणाऱ्या एका गावात यसू नावाचा एक सुतार राहायचा. हात चांगला, नजर चांगली, फक्त तोंड जरा मोठं. कुणी काम सांगितलं की तो आधी हो म्हणायचा आणि ते करायचं कसं याचा विचार मागाहून करायचा. आजवर निभावलं होतं. ज्याचं आजवर निभावलेलं असतं त्याला वाटतं, पुढेही निभावेलच.

त्या गावच्या देवराईत एक जुना फणस होता. देवराईतल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, पण झाड आपोआप पडलं तर ते देवाच्या कामाला घ्यायचं, अशी गावची रीत. वैशाखातल्या वादळात तो फणस पडला. खोड बरंचसं पोकळ निघालं. गिरणीवर नेल्यावर त्यातून एकच धड फळी मिळाली, पण ती खाटेएवढी रुंद. गावानं ठरवलं की या फळीचा पाट करायचा आणि जत्रेत देवाची पालखी त्यावर टेकवायची. फळी सुकत ठेवली. सुकता सुकता ती पिळवटली. एक कोपरा वर गेला, एक खाली, आणि मध्ये खोलगा पडला.

गावचे मुख्य मानकरी आबा गावकर. त्यांनी यसूला बोलावून फळी दाखवली.

"यसू, ह्या रंध्यान सपाट होतला काय?"

"रंध्यान होवचा नाय, आबा. मी यंत्रान करतंय."

"एकच फळी आसा. भय नाय ना?"

"भय कसला?" यसू म्हणाला आणि घरी आला. घरी आल्यावर त्याला घाम फुटला.

यसूकडे राऊटर होता. विजेवर चालणारं, दोन मुठींचं यंत्र. त्याच्या पोटाखाली एक धारदार पातं गरागरा फिरतं. दाराच्या कडांवर नक्षी काढायला तो ते वापरायचा. पण एवढी मोठी फळी नुसतं यंत्र हातात धरून सपाट होत नाही, कारण हात जिथे जरासा दबला तिथे पातंही खोल जातं. म्हणून यसूनं एक युक्ती काढली. त्यानं एक मोठी चौकट केली. तिच्या दोन बाजूंना दोन उंच पट्ट्या बसवल्या, रुळांसारख्या, आणि मध्ये फळी ठेवायला जागा सोडली. मग पट्ट्यांवर आडवी टेकेल अशी खोक्यासारखी एक लांबट गाडी केली. गाडीच्या तळाला खाच पाडली. यंत्र गाडीत बसायचं आणि पातं खाचेतून खाली डोकवायचं. यंत्राला लांब दांडा लावला, म्हणजे यसू एका टोकाशी उभा राहून ते गाडीत पुढेमागे सरकवणार. गाडीचं दुसरं टोक दुसऱ्या माणसानं धरायचं आणि दोघांनी मिळून गाडी हळूहळू पुढे न्यायची. फळी कितीही वाकडी असली तरी पातं पट्ट्यांच्या पातळीनंच चालणार. म्हणजे सगळा भरवसा त्या दोन पट्ट्यांवर होता.

एक पट्टी त्यानं स्क्रूंनी घट्ट आवळली. दुसरी बसवताना स्क्रू संपले. पुढचा बाजार जत्रेनंतर होता आणि पाटाच्या कामाचा मुहूर्त जत्रेआधीचा. आबांकडे जाऊन 'मुहूर्त पुढे ढकला' म्हणणं यसूच्या जिवावर आलं. तोंडानं 'भय कसला' म्हणून झालं होतं ना. त्यानं डब्यातले खिळे काढले आणि दुसरी पट्टी खिळ्यांनी ठोकली.

यसू काही नवशिका नव्हता. थरथरणाऱ्या कामाला खिळा चालत नाही, तो हळूहळू वर येतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं अंगणात आंब्याच्या एका जुन्या फळीवर गाडी चालवून पाहिली. यंत्र सुरू होताच चौकट थरथरली आणि खिळ्यांच्या बाजूनं गाडीला एक हिसका बसला. लहानसाच. पण यसूला तो हातात जाणवला. त्यानं यंत्र बंद केलं, खिळे पुन्हा ठोकले आणि स्वतःला सांगितलं की चालेल. भीती मात्र गेली नाही. जेवताना होती, झोपताना होती, सकाळी उठल्यावर तर ती त्याच्याआधी जागी होती.

मुहूर्ताच्या सकाळी चौकट, गाडी आणि फळी देवळाच्या अंगणात आली. गाडीचं दुसरं टोक धरायला यसूच्या बहिणीचा नवरा मोतीराम आला होता. मोतीराम देवळात मृदंग वाजवायचा. भजनात त्याचा हात पडला की बसलेली माणसं आपोआप डोलायची. त्याचं घर त्या हातांवर चालायचं आणि त्याचं नावही त्या हातांवर होतं. यसूची बहीण इंदू कडेवर पोर घेऊन पायरीवर बसली होती. आपल्या घरची दोन माणसं देवाच्या कामाला लागली म्हणून तिचा चेहरा फुलला होता.

दांडा आणि बटण स्क्रूंच्या बाजूला होतं. म्हणजे यसू तिकडे उभा राहणार. मोतीरामच्या वाट्याला खिळ्यांची बाजू आली.

यसूनं त्याच्याकडे पाहिलं. "भावजी," तो म्हणाला.

"काय रे?"

सांगायला हीच वेळ होती. पण सगळं गाव जमलं होतं, आबा समोर उभे होते, आणि बहिणीच्या नवऱ्यापुढे आपलंच काम कच्चं आहे म्हणायचं तरी कसं.

"काय नाय," यसू म्हणाला. माणसाचं वाटोळं पुष्कळदा या दोन शब्दांनी होतं.

आता त्या गावची आणखी एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. देवाच्या कामाला नारळ फुटला की पहिला हात, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंतचा पहिला फेरा, अखंड व्हायला हवा. मध्ये थांबायचं नाही. कुणी 'थांब' म्हणायचं नाही. जो थांबवेल त्याच्या घरावर देवाचा कोप होतो, असं मानायचे. हे कुणी पडताळून पाहिलेलं नव्हतं, कारण कुणी कधी थांबवलंच नव्हतं. रीत इतकी जुनी होती की तिची भीतीच पुरेशी होती.

आबांनी नारळ फोडला. गावानं देवाचं नाव घेतलं. यसूनं बटण दाबलं.

यंत्र किंचाळायला लागलं. भुसा पिवळाजर्द उडाला आणि फणसाचा वास अंगणभर पसरला. यंत्र गाडीतून पलीकडे गेलं, अलीकडे आलं. गाडी पुढे सरकली. पात्यामागे फळी उजळत, सपाट होत येत होती. माणसं खूश झाली. मोतीराम मान डोलावत दोन्ही पंजांनी गाडीची कड धरून होता.

यसूनं फळीकडे पाहिलंच नाही. तो खिळे पाहत होता.

पहिल्यांदा सगळे जागेवर होते. गाडी फळीच्या मध्याजवळ आली तेव्हा एक डोकं चमकलं. दाबून बसवलेला खिळा चमकत नाही, वर आलेला चमकतो. यंत्र पलीकडे गेलं, परत आलं. खिळा आणखी वर. शेजारचाही हलला. आवाज बदलला होता. किंकाळीच्या खाली एक टकटक सुरू झाली होती. ती फक्त यसूला ऐकू येत होती, कारण ती ऐकण्याची भीती फक्त त्यालाच होती. मोतीरामला काही दिसत नव्हतं. खिळे त्याच्या पंजांच्या खाली, गाडीच्या आड होते; समोरून यसूला मात्र ते दिसत होते.

यसूच्या मनात दोन भित्या एकमेकींना ढकलू लागल्या. एक म्हणाली, थांबवलंस तर देव कोपेल, गाव थुंकेल, इंदूसमोर तुझी शोभा होईल. थोडंच उरलंय, ने रेटून. दुसरी काहीच म्हणाली नाही. ती फक्त मोतीरामच्या बोटांकडे बघत राहिली.

टकटक वाढली. पट्टी पापणी लवावी तशी उचलली आणि पुन्हा बसली. यसूनं पायरीकडे पाहिलं. इंदू पोराचा हात धरून त्याला टाळी वाजवायला शिकवत होती.

यसूनं बटण बंद केलं.

यंत्राचा आवाज उतरत उतरत गेला. पातं बराच वेळ फिरत राहिलं आणि मग थांबलं. अंगणात इतकी शांतता झाली की समुद्र ऐकू आला. कुणीतरी मागे पुटपुटलं. एका म्हातारीनं कानांवर हात ठेवले. इंदूनं पोराला छातीशी धरलं.

"कोणी थांबयला?" आबांनी विचारलं. त्यांनी पाहिलं होतं, तरी विचारलं.

"मी थांबयलंय."

"कित्याक?"

आयुष्यात पहिल्यांदाच यसूच्या तोंडून मोठा शब्द निघेना. "माका भय वाटला, आबा."

मागून कुणीतरी हसलं. आबा हसले नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "देवापेक्षा जास्त भय? कोणाचा?"

"माझ्या हातच्या खिळ्याचा." यसू म्हणाला, "भावजी, हात काढा. मागे व्हा."

मोतीराम मागे सरला. यसूनं वाकून वर आलेला खिळा दोन बोटांत धरला आणि ओढला. मिसरीच्या डब्याचं झाकण निघावं इतक्या सहज तो बाहेर आला. तो त्यानं आबांच्या हातावर ठेवला. त्यांना अजून पटलं नव्हतं. ते पुढे झाले आणि गाडी होती तशीच, बंद यंत्रासकट, जरा ढकलली.

पट्टी सुटली. गाडी धाडकन त्या बाजूला कलली. आतलं यंत्र उतारावरून सरकत गेलं आणि मोतीरामचे पंजे जिथे होते नेमक्या त्या कडेवर जाऊन आदळलं. पातं थांबलेलं होतं, तरी त्याची धार कडेच्या लाकडात रुतली.

मोतीराम ती खाच बघत उभा राहिला. मग त्यानं आपले दोन्ही हात काखेत घातले, थंडी वाजल्यासारखे.

"सकाळी 'भावजी' म्हणून हाक मारलंस," तो हळूच म्हणाला. "तेव्हाच सांगूक होया होता."

"लाज वाटली, भावजी."

"आणि माझे हात गेले असते, मगे?"

यसू खाली बसला आणि सगळ्या गावासमोर रडला. इंदू पायरीवरून उठली. ती आधी नवऱ्याकडे गेली, त्याचे हात काखेतून काढून तिनं उलटसुलट करून पाहिले. मग ती भावाजवळ येऊन बसली.

आता देवाच्या कोपाचं काय, हा प्रश्न उरला होता. सगळे आबांकडे पाहू लागले. आबा हातातल्या खिळ्याकडे बघत होते. त्या दिवशी अंगणात सगळ्यात जास्त कोण भ्यालं असेल तर ते आबा. त्यांच्याच धाकापायी यसू गप्प बसला होता, हे त्यांना कळलं होतं.

"पालखी आपल्या हातांनी उचलतत," ते शेवटी म्हणाले. "हात कापून देव कसो खूश होतलो? दुसरो नारळ आणा. पण आज नको. आधी स्क्रू आणा."

त्या जत्रेत पालखी जुन्याच चौरंगावर टेकवली. काही जणांनी नाकं मुरडली. पुढच्या बाजारातून स्क्रू आले, दुसरी पट्टी आवळली गेली, आणि फळी पुन्हा देवळाच्या अंगणात आली. यसूचं घर जळलं नाही, गुरं मेली नाहीत. तरी नारळ हातात घेऊन आबा थांबले. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "यसू, भय वाटता काय?"

पूर्वीचा यसू असता तर त्यानं छाती काढली असती. या यसूनं चौकटीभोवती एक चक्कर मारली, दोन्ही पट्ट्या हातानं हलवून पाहिल्या, फळीखालची एक पाचर ठोकून घेतली आणि मग म्हणाला, "थोडा वाटता, आबा. पण कसला ता माका माहीत आसा. आणि ता मी भावजींक सांगितलंय."

मोतीरामनं मान हलवली आणि जाऊन आपल्या बाजूला उभा राहिला. आबांनी नारळ फोडला.

त्या गावात तेव्हापासून ही नवी रीत पडली. कामाला हात लावण्याआधी कारागिराला भीती विचारतात आणि त्यानं ती सांगितल्यावरच नारळ फुटतो. त्या नव्या पाटावर टेकवलेल्या पालखीच्या शेजारी मोतीराम दर जत्रेत मृदंग घेऊन बसायचा.

तात्पर्य: मनातली भीती पुष्कळदा आपल्याच कच्च्या कामाची आठवण असते. ती लाजेपोटी लपवली तर तिची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, म्हणून ती वेळेवर बोलून दाखवावी.