शेजारणीच्या हातचा दिवा

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा थंडी आजच्यासारखी पाहुणी म्हणून येत नसे, चांगली मुक्कामाला येई.

एका डोंगराच्या पाठीवर एक गाव होते. उत्तरेचा वारा आधी या गावाच्या भिंतींना धडके आणि मग पुढच्या मुलुखात जाई. म्हणून शेतातली सुगी आटोपली की गावात घरांची सुगी सुरू होई. गोधड्या उन्हात पडत, गोवऱ्या आडोशाला रचल्या जात, छपरांवर गवताचा नवा थर चढे. माती, भुसा आणि शेण कालवून घरोघरच्या भिंती लिंपल्या जात.

लिंपण वाळले की दिवा फिरवायचा. तिन्हीसांजेला दारेखिडक्या लावून पेटती पणती भिंतीच्या कडेकडेने न्यायची. ज्योत सरळ राहिली तर भिंत धड, ज्योत हलली तर तिथे फट. मात्र एक रीत होती. आपल्या घरात आपण दिवा फिरवायचा नाही, तो शेजारणीने फिरवायचा. असे का, ते कोणालाच सांगता येत नसे. जुन्यांनी घालून दिले होते आणि नव्यांनी पाळले होते.

या गावात एक बाई होती. लहानथोर सगळे तिला मामी म्हणत. तिच्यासारखे लिंपण पंचक्रोशीत कोणाचे नव्हते. तिने लिंपलेल्या भिंतीवरून मुंगीचाही पाय घसरावा. हाताला गुण होता, आणि गुणाच्या जोडीला गर्वही बिऱ्हाड करून राहिला होता.

तिची शेजारीण नेमकी उलटी. तिचा चिखल कधी पातळ तर कधी घट्ट. भिंत वाळली की तडकलीच. हिवाळाभर वारा तिच्या घरात न विचारता ये-जा करी, आणि ती बिचारी घोंगडी पांघरून हसतमुखाने कामे उरकी.

त्या वर्षी मामीची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत होते ते ऐन थंडीत. मामीने जीव ओतून घर लिंपले. धान्याच्या कणगीच्या आडोशाला, घरातल्या सगळ्यात उबदार कोपऱ्यात, तिने लेकीची बाज टाकली.

"या घरात वाऱ्याचं बोट जरी शिरलं, तरी माझं नाव बदल," ती लेकीला म्हणाली.

संध्याकाळी शेजारीण पणती घेऊन आली. मामी उंबऱ्यातच उभी राहिली.

"तू कशाला तसदी घेतेस? तुझ्या घरात वाऱ्याचा बाजार भरतो, आणि तू माझ्या भिंतीत फट शोधणार?"

"रीत आहे ना, मामी."

"ज्यांना लिंपता येत नाही, त्यांच्यासाठी रीत."

शेजारणीचा चेहरा उतरला. पणती पदराआड धरून ती माघारी गेली.

मामीने स्वतःच पणती उचलली. दिवा नेताना बायका नेतात तसा डावा तळवा ज्योतीपुढे धरला आणि सगळ्या भिंतींवरून एक फेरी मारली. ज्योत तसूभरही हलली नाही.

"बघितलंस?" ती लेकीला म्हणाली. "गाभाऱ्यातल्या समईसारखी उभी आहे."

मग थंडी आली आणि नातही आली. पण पोरीच्या अंगात ऊब म्हणून धरेना. हातपाय गार, ओठ निळसर, दूध ओढायचीही ताकद नाही. मामीने बाजेजवळ शेगडी ठेवली, गोधडीवर गोधडी घातली. उत्तरेची भिंत पुन्हा लिंपली, तर ओल्या मातीने घर आणखी गारठले. सुईण येऊन पाहून गेली.

"ऊब द्या," जाताना ती हळू आवाजात म्हणाली, "नाहीतर पोर हाती लागायची नाही."

"आई," लेक म्हणाली, "शेजारच्या काकूंना बोलाव."

मामीने ऐकून न ऐकल्यासारखे केले.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून पोर रडेनाशी झाली. मूल रडते आहे तोवर काळजी कमी, हे मामीला ठाऊक होते. दिवस कलताच ती शेजारणीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"अगं, दिवा घेऊन येतेस?"

टोमणा मारायला शेजारणीला याहून चांगली वेळ मिळाली नसती. तिने फक्त पणतीत तेल घातले.

ती आली ती उघड्या तळहातावर पणती ठेवून. उत्तरेच्या भिंतीशी ज्योत सरळ राहिली, पश्चिमेच्याही. मामीची भिंत खरोखरच उत्तम होती, हे सांगायलाच हवे. मग शेजारीण कणगीपाशी गेली, खाली बसली आणि तिने पणती जमिनीजवळ धरली.

"इतकं खाली कशाला?" मामीने विचारले.

"माझ्या घरात वारा रोजचाच आहे, मामी. तो खालून येतो आणि आधी पाय धरतो, हे मला ठाऊक आहे."

तेवढ्यात ज्योत बाजेकडे आडवी झाली. ती विझते की काय असे वाटून मामीचा डावा हात आपसूक पुढे गेला, आडोसा द्यायला.

तो हात अर्ध्यावरच थांबला. मामी आपल्या तळव्याकडे बघत राहिली. त्या संध्याकाळीही हाच हात पुढे होता. दिवा सांभाळताना आपण फट झाकली, हे तिला कळले आणि तिचे डोळे भरून आले.

दोघींनी मिळून कणगी सरकवली. मागे घुशीने भिंतीखालून चांगले बीळ पाडले होते. त्यात दगड ठासले, त्यावर माती लिंपली, शेगडी नव्याने फुलवली. हळूहळू कोपरा उबदार झाला. पहाटे पोर दूध प्यायली आणि मग अशी खणखणीत रडली की शेजारणीला आपल्या घरात ऐकू गेले. अर्थात, शेजारणीच्या घरात सगळेच ऐकू येई.

ऊन वर आल्यावर मामी चिखलाची पाटी घेऊन तिच्याकडे गेली.

"माझं चुकलं गं," ती म्हणाली. "तुझी माती मी कालवते, बघून घे कशी ते."

भिंती लिंपून वाळल्या, तेव्हा तिथे दिवा मामीनेच फिरवला. डावा हात तिने पाठीमागे धरला होता.

पुढच्या हिवाळ्यापासून मामी सगळ्यांच्या आधी शेजारणीला दिवा फिरवायला बोलावू लागली. आणि ही रीत कशासाठी, असे एखाद्या नव्या सुनेने विचारले, तर आता गावात सांगणारी एक बाई होती.

तात्पर्य: आपल्या घरातली फट शोधायची असेल, तर दिवा दुसऱ्याच्या हाती द्यावा.