घाटावरच्या भिंतीवरची ओळ

फार फार वर्षांपूर्वी एका मोठ्या नदीच्या घाटावर दोन नावाडी राहत. एक रायबा, दुसरा हैबती. दोघांच्या होड्या सारख्याच, पण उतारू आधी रायबाकडे जात. तो म्हातारीला हात धरून चढवी, पोरांना गाणी म्हणून दाखवी.

हैबतीला ते पाहवत नसे. रायबाच्या होडीतलं हसू कानी आलं, की तो पुढ्यातलं ताट बाजूला सारी.

बायको म्हणे, "अहो, आपलीही चूल दोन वेळा पेटते. मग कशाला जीव जाळता?"

"तुला नाही कळायचं," एवढंच तो म्हणे.

घाटावर एक पांढरी भिंत होती. येणारे-जाणारे तिच्यावर कोळशाने काहीबाही लिहीत. एकदा आसपास कुणी नाही असं पाहून हैबतीने लिहिलं, "रायबाच्या होडीला भोक आहे. जीव प्यारा असेल तर बसू नका."

खाली कुणी लिहिलं, "मीही ऐकलंय." आणखी कुणी लिहिलं, "मागे एक माणूस बुडाला म्हणे."

आठ दिवसांत रायबाची होडी काठालाच बांधलेली राहू लागली.

रायबा न्यायाधीशांकडे गेला. त्यांनी होडी उलटी करून पाहिली. भोक नव्हतंच. मग गावात ज्यांना लिहिता येत होतं, त्या सगळ्यांची अक्षरं त्यांनी ताडून पाहिली.

"मी वरचं वाचून लिहिलं," जो तो म्हणू लागला. शेवटी हैबती सापडला.

"महाराज, मी एकच ओळ लिहिली. तिच्याखाली माझं नावही नाही!"

"तुझं नव्हतं. पण ओळीत रायबाचं होतं ना?" न्यायाधीश म्हणाले.

भर घालणाऱ्यांना दंड झाला. हैबतीने भिंत पुसायची आणि घाटावर उभं राहून प्रत्येक उतारूला 'मी खोटं लिहिलं' असं सांगायचं, असा न्याय झाला.

हैबती उभा राहिला, पण उतारूच येईनात. भिंत वाचून गेलेल्यांनी ती गोष्ट गावोगाव नेली होती, आणि वाटेत रायबाचं नाव गळून पडलं होतं. 'त्या घाटावरच्या होड्या फुटक्या आहेत,' एवढंच लोक सांगत आणि लांबच्या पुलाने जात. आता हैबतीचीही होडी कोरडी पडली.

मग तो दारोदार खरं सांगत हिंडला. एका ओसरीवरच्या आजोबांनी विचारलं, "बाबा, तेव्हा खोटं लिहिलंस. आज खरं बोलतोस हे कशावरून?"

हैबती ओसरी उतरला आणि पुढच्या दाराकडे चालू लागला.

तात्पर्य: मत्सरापोटी जो दुसऱ्याचं नाव मळवतो, त्याच्या खऱ्या शब्दालाही पुढे कुणी विचारत नाही.