अर्जाने मिळवलेली घोंगडी

एकदा एका तालुक्याच्या गावी, कचेरीसमोरच्या चिंचेखाली, लोकांचे अर्ज लिहून देणारे एक वृद्ध गुरुजी बसत. नोकरी शोधणारे अपंग त्यांच्याकडे आवर्जून येत. त्यांच्या हाताखाली अर्ज लिहिणाऱ्या शिष्याची लेखणी अशी, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे. त्याला त्याचा अभिमान होता, आणि तो लपवण्याचे कष्ट त्याने कधी घेतले नाहीत.

पायाने अधू असलेला गेनू त्याच्याकडून अर्ज लिहून घेऊन पंपांच्या व्यापाऱ्याकडे गेला. बहिणीच्या घरी आयते किती दिवस खायचे, म्हणून त्याला काम हवे होते. दुपारी तो परतला तो खांद्यावर नवी घोंगडी घेऊन.

"शेटजी अर्ज वाचून रडले," तो म्हणाला. "ही दिली. काम काही दिलं नाही."

गुरुजींनी ती घोंगडी भर उन्हात शिष्याच्या अंगावर घातली. शिष्य गोंधळून पाहतच राहिला.

"घे, तुझीच आहे," गुरुजी म्हणाले. "अर्ज जे मागतो तेच मिळते. तू पानभर दुःख लिहिलेस, व्यापाऱ्याने जमले तसे सांत्वन केले. त्याचे काय चुकले? या माणसाला काय येते, हे तू लिहिलेस का? तुला तरी ठाऊक आहे का?"

शिष्याला ठाऊक नव्हते. त्याने विचारलेच नव्हते.

"विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरायचो मी, नऊ वर्षं; मग ते दुकान बंद पडलं," गेनू म्हणाला. "तुम्ही पायाचंच विचारत होता, मी पायाचंच सांगितलं."

शिष्य शरमला. त्याने नवा कागद घेतला. "मग पायाचे गाळू का?"

"गाळायचे कशाला? त्याला काय लागेल तेवढे लिही."

नऊ वर्षांचे काम आता अर्जात वर आले. पायाबद्दल शेवटी एकच ओळ उरली: उभ्याने काम जमत नाही, उंच स्टूल लागेल.

दुसऱ्या दिवशी शिष्यही गेनूबरोबर गेला. या खेपेस व्यापारी रडला नाही. कोपऱ्यातली एक जळकी मोटार त्याने पुढे सरकवली, ती उघडणारे गेनूचे हात बराच वेळ न्याहाळले, आणि विचारले, "स्टूल केवढं उंच लागेल?"

पुढच्या आठवड्यात एक अंध बाई चिंचेखाली आली आणि आपली कर्मकहाणी सांगू लागली. शिष्याने ती ऐकून घेतली. मग हळूच विचारले, "बाई, काम कोणतं करत आलात?"

हे बाईला आजवर कोणी विचारलेच नव्हते. ती ताठ बसली आणि सांगू लागली.