गोफणीचा वीरगळ

ऐका. सुळकेगडाला जेव्हा दरवाजा होता आणि त्या दरवाजाला राखण होती, तेव्हाची ही गोष्ट. गडाच्या पायथ्याशी निंबोणे नावाचं गाव होतं आणि त्या गावात साळू पाथरवटीण राहायची. घरोघरी जाऊन जात्याला टाकी लावणं हा तिचा धंदा. जातं दळून दळून गुळगुळीत झालं की धान्य नुसतं घरंगळतं, पीठ काही पडत नाही. मग साळू यायची आणि छिन्नी-हातोडीनं ठक ठक करून दगडाला पुन्हा दात आणायची. असं म्हणतात, दगडाला कान लावला की तो कुठं फुटणार हे तिला कळायचं. माणसाचं कळायला तर कानही लावावा लागत नसे.

एका वर्षी ज्वारी हुरड्यात आली होती. गडावरचे शिपाई आणि गावातले गडी मोहिमेवर गेले होते. रानात माळ्यांवर उभ्या राहून बाया गोफणीनं पाखरं राखत होत्या. त्यामुळे खिंडीतली धूळ पहिल्यांदा दिसली ती त्यांनाच. गनीम आला होता! बाया धावत गडात शिरल्या. गडावर उरलेल्या चार म्हाताऱ्यांनी दरवाजा लावला आणि देवाचं नाव घेतलं. बायांनी देवाचं नाव घेतलं आणि गोफणीही घेतल्या. सगळ्या तटावर चढल्या. साळू दगड फोडून द्यायची आणि बाकीच्या भिरकावायच्या. असं म्हणतात, त्या दिवशी तटावरून इतके दगड सुटले, की वर मोठी फौज आहे असं वाटून गनीम दिवस मावळायच्या आत माघारी फिरला.

पण खालूनही गोळ्या आल्या होत्या. म्हातारी धुरपा गेली. लग्नाच्या वयाची चंद्री गेली. आणि साळूची जिवाभावाची मैत्रीण येसू, ती साळूच्या मांडीवर गेली. जाताना म्हणाली, "साळे, आमी पळालो न्हाई, येवढं सांग गं लोकास्नी." साळूनं मान हलवली. यात काय अवघड आहे, असं तिला तेव्हा वाटलं.

गडी परत आले. लढून मेलेल्याचा वीरगळ उभा करायचा, ही गावाची रीत. त्या दगडावर खालच्या चौकटीत लढाई कोरतात आणि वरच्या चौकटीत स्वर्ग. साळूनं पारावर जाऊन तिघींच्या वीरगळासाठी दगड मागितला.

पाटील हसला. म्हणाला, "बाईचा वीरगळ कुनी बघितलाय का? बाईचा दगड म्हंजी सतीचा दगड. बांगड्यांचा हात कोर आन् मोकळी हो."

"सती?" साळू म्हणाली. "पाटीलबाबा, धुरपाचा धनी जाऊन जमाना झाला. चंद्रीचं तर लगीनच झालं न्हवतं. आन् येसूचा नवरा त्यो काय, तुमच्या म्होरं बसलाय जिता. सती कुनाच्या चितंवर धाडताय?"

पारावरचे लोक खाली बघायला लागले. येसूचा नवरा सुभाना, त्यानं तर डोळ्यांना उपरणं लावलं. पण पाटलाचं तोंड एकदा वाकडं झालं, की सरळ व्हायला वेळ लागे.

"मग गावातल्या एका जात्याला माजी टाकी लागायची न्हाई," असं म्हणून साळू उठून गेली.

झालं! जाती गुळगुळीत व्हायला लागली. भाकरी थापता येईना, गाव कण्या शिजवून खाऊ लागलं. पाटलाचे पुढचे दात आधीच गेलेले, त्याचे हाल तर विचारू नका. त्यानं परगावचा पाथरवट आणला. असं म्हणतात, त्याची छिन्नी निंबोण्याच्या जात्यांवर नुसती सटकायची, चरा म्हणून उठेना. आता छिन्नी बोथट होती की त्याच्या बायकोनं निघताना दम भरला होता, ते देव जाणे. पण तो हात जोडून परत गेला.

शेवटी पाटील नमला, पण अर्धाच. "कोर बाई. पर बांगड्यांचा हात, येवढंच."

"हात तर बांगड्यांचाच हाय," साळू म्हणाली.

दगड उभा राहिला तेव्हा पुढच्या सालची ज्वारी कापणीला आली होती. सारं गाव बघायला जमलं. हात बांगड्यांचाच होता, पण मुठीत गोफण होती. खाली तट होता आणि तटावर तिघी जणी उभ्या होत्या. पाटलाचा पारा चढला. ती गोफण उडवायला त्यानं स्वतः हातोडा उचलला. तेवढ्यात पोपटांचा मोठा थवा शिवारावर उतरायला आला. असं म्हणतात, थवा दगडाच्या वर आला मात्र, गोफणीचा फटकारा वाजावा तसा कडाड आवाज झाला आणि पाखरं दाही दिशांना उधळली. तिथं कुणाच्याही हातात गोफण नव्हती, दगडातल्या हाताखेरीज.

पाटलाचा हातोडा वरच राहिला. सुभाना पुढं आला आणि त्यानं तो हळूच काढून घेतला. "ऱ्हाऊ द्या, पाटीलबाबा," तो म्हणाला. "माजी बायकू हाय ती. कशापायी मेली ते माज्या लेकरांस्नी कळू द्या." इतकं बोलून तो सगळ्यांदेखत रडला आणि त्याला कुणी हसलं नाही.

मग पाटलाची नजर वर गेली. वरची चौकट कोरीच होती. "सर्ग ऱ्हायला की गं," तो म्हणाला.

"ती चौकट म्होरं येनाऱ्या पोरींची," साळू म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी पहिली टाकी तिनं पाटलाच्याच जात्याला लावली.

साळूचा स्वतःचा दगड गावात कुठंच नाही, शोधू नका. निंबोण्यात आता पिठाची चक्की आहे आणि जाती उरली आहेत ती लग्नातल्या हळदीपुरती. पण हुरड्याच्या दिवसांत सारं गाव अजून त्या दगडापाशी जमतं. गावच्या पोरी आता सैन्यात जातात, पोलिसात जातात. सुट्टीवर आलेली पोर वर्दी घालून दगडापाशी बसते आणि आपण कुठं होतो, काय पाहिलं, कधी भ्यालो, ते सगळं सांगते. लहानथोर ऐकतात. सांगून झालं की ती हळदीचा पंजा कोऱ्या चौकटीवर उमटवते. पावसात तो धुऊन जातो, पुढच्या वर्षी नवा पंजा उमटतो.

पण स्वतःचं सांगण्याआधी तिला तीन नावं घ्यावी लागतात, साळूची तशी ताकीदच आहे. धुरपा, चंद्री, येसू. आणि नावं घेतली की सारं गाव एका आवाजात ओरडतं, "पळाल्या न्हाईत!"

असं म्हणतात, त्या आवाजानं शिवारातली सगळी पाखरं उडतात.