कुरतडोबाचं मुसकं

फार पूर्वी, म्हणजे म्हादू पैलवानाचा गुडघा अजून वाकत होता तेव्हाची गोष्ट. गुडघ्याच्या कातडीखाली, ती घट्ट धरून ठेवणाऱ्या दोरांचं गाव होतं. तिथे कुरतडोबा नावाचं विकर, म्हणजे शरीरातलं पचवणारं रसायन, जुने दोर खाऊन नव्यांना जागा करून द्यायचं.

"हा आपल्यालाच खातो!" दोरांचे पुढारी गाठाळराव भडकले. "बांधा मुसकं!"

मुसकं बांधलं. पुढे कुस्तीत गुडघा फुटला, तेव्हा जखम बुजवायला दोर धावत येऊन एकमेकांवर चढले आणि उतरायला कोणी तयार होईना. टेंगूळ वाढत गेलं. म्हादूच्या गावकऱ्यांनी देव समजून त्याला शेंदूर फासला. टेंगळाच्या माथ्यावर बसलेले गाठाळराव हरखून गेले.

मग पहिला नारळ फुटला, नेमका त्यांच्याच डोक्यावर.

"मुसकं सोडा रे त्याचं!" ते किंचाळले.

कुरतडोबा जबडा चोळत म्हणाला, "खातो की. पण वरून सुरुवात करावी लागेल, राव."