चोळीबांगडीच्या जागेचं वजन

एका राज्यात एक राणी होती आणि ती मूर्ख होती. हे आपण म्हणायचं नाही, राणीच म्हणायची. "हैमवती माझं नाव. चाळिशी उलटली. वर मुकुट आहे म्हणून आत काही असेल असं कुणी समजू नये," असं ती भर दरबारात सांगायची, आणि हसावं की नाही या काळजीत दरबारी मिशा कुरवाळायचे.

तिचा मूर्खपणा असा. खजिना रिता झाला तेव्हा ती डोंगरावरच्या धुंडोबा मांत्रिकाकडे गेली. म्हणाली, "बुवा, कर आपोआप गोळा होईल असा मंत्र द्या."

"कशावर बसवू? हातांवर की जागांवर?"

"हातांवर," राणी चटकन म्हणाली. "राबणारे हात पुष्कळ आहेत."

मांत्रिकानं फुंकर घातली. त्या दिवसापासून कुंभारानं तीन मडकी केली की तिसरं हवेत उठायचं आणि राजवाड्याकडे चालू लागायचं. विणकराच्या लुगड्याचा पदर तेवढा तुटून उडायचा. जो जास्त राबेल त्याचं जास्त जायचं. आणि इतकं होऊनही जो थांबणार नाही, त्याच्या दंडाला पिसं फुटायची. कष्टाळू माणसं आधी पाखरं झाली. ते पाहून बाकीची हाताची घडी घालून ओट्यावर बसली. बाजार गप्प झाला.

रंभाजी तांबट हा राणीचा दूधभाऊ. त्याच्या आईनं दोघांना एकाच मांडीवर पाजलेलं. तोही पाखरू झाला आणि राणीच्या खिडकीसमोरच्या झाडावर टुक टुक करत बसला.

"रंभा, वेळेवर थांबायचं की रे!"

"घागर अर्धी होती, आक्कासाहेब," पाखरू म्हणालं.

पण वर्षं सरली तसे त्याचे शब्द गळू लागले. एका सकाळी 'घागर' हा शब्द त्याला आठवेना. मग 'आक्कासाहेब'चं नुसतं 'आक्का' राहिलं. शब्द संपले की पाखरू कायमचं पाखरू, हे त्या राज्यात पोरंटोरंही जाणत होती. राणी तशीच अनवाणी डोंगर चढली.

"बुवा, मंत्र मागं घ्या."

"खजिन्याला काहीतरी हवंच, राणी. नाहीतर रस्ते कोण बांधणार? कर कुठून उचलायचा एवढं बदलता येईल. तीन कामं कर. पहिलं, ओरबाडलं की आटतं असं काहीतरी आण."

राणीनं रंभाजीची अर्धी घागर आणली. तिच्यावर हिरवा कळंक चढला होता. "हात आटले, बुवा."

"दुसरं. ओरबाडलं तरी पळत नाही, लपत नाही, आटत नाही, असं आण."

राणीनं सोन्याकडे पाहिलं, तर सावकारांनी ते पुरलं. गुरांकडे पाहिलं, तर गवळ्यांनी ती सीमेपार हाकलली. दमून ती बाजारातल्या एका मोकळ्या जागेवर बसायला गेली, तर टिटवी किंचाळली.

"अगं बाई, अंड्यांवर बसतेस की काय! सरक तिकडं. जागा काही हलायची नाही, तूच हल."

"भर बाजारात घरटं केलंस?"

"इतकी ओसाड जागा दुसरी कुठं आहे? मालकीण कुंपण घालून भाव वाढायची वाट बघतेय म्हणे."

मालकीण ओशाळली. ती जागा तिचीच होती. लग्नात माहेरानं चोळीबांगडीच्या खर्चासाठी दिलेली. तिनं खाली वाकून तिथली मूठभर माती घेतली, दुसरी मूठ रानातून घेतली आणि डोंगरावर गेली.

मांत्रिकानं तराजू धरला. रानातली मूठ वर गेली. बाजारातली धप्पकन भुईला टेकली.

"एवढं वजन कुणी घातलं?"

"जागा माझी आहे, बुवा."

"तू तिथं काय केलंस?"

"कुंपण घातलं."

"मग?"

राणीनं टेकलेल्या पारड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "समोरची विहीर गवंड्यांनी बांधली. रस्ता बेलदारांनी केला. तांबट आळीचे ठोके ऐकून गिऱ्हाईक आलं. वजन त्यांनी घातलं. मी नुसती वाट पाहिली."

"आता तिसरं. जिची जागा सगळ्यांत जड, तिनं ही मूठ खजिन्यात नेऊन टाकावी. मग दर साल प्रत्येक जागेचं वजनच तेवढं तिच्या मालकाच्या हातून खजिन्यात येईल. कुणी घर बांधलं, झाड लावलं, घागर ठोकली, ते ज्याचं त्याला."

वाटेत सरदार आडवे आले. "राणीसाहेब, आमच्या जागा आजोबांच्या आहेत!"

"माझी बापानं दिलेली आहे. बाजूला व्हा, हे जड आहे."

आणि ते होतंच जड. राजवाड्याच्या पायऱ्या चढता चढता तिचे केस पांढरे झाले. मूठ उघडली, माती खजिन्यात पडली आणि तिची नाणी झाली. अशी ओझी रिकाम्या जागेसाठी कोण वाहणार? महिन्याभरात सगळी कुंपणं निघाली. राणीच्या जागेवर विणकरांनी माग मांडले. फक्त टिटवीनं पिलं उडेपर्यंत सवलत मागितली, ती तिला मिळाली.

झाडांखाली पिसांचा सडा पडला. माणसं खाली उतरली. सगळी नाही. कितीतरी पाखरं केव्हाच दुसऱ्यांच्या राज्यात उडून गेली होती, आणि त्यांच्या बायका अजून अंगणात मान वर करून उभ्या राहतात. काही इथंच फांदीवर राहिली. त्यांना टुक टुकशिवाय काही आठवेना.

रंभाजी उतरला. बोटं आखडलेली. हातोडा उचलून त्यानं नुसता पाहिला. बोलला मात्र नाही. राणीनं त्याला आपल्या हातानं पाणी दिलं आणि शेजारी भुईवर बसली.

"रंभा, बुवांनी पहिल्यांदा विचारलं ना, तेव्हा मला माझी जागा आठवली होती. आठवली म्हणूनच 'हातांवर' म्हणाले. मूर्ख म्हणवून घेते, ते सोपं पडतं म्हणून. किती वर्षं तुला त्या झाडावर बसवलं! शिवी दे हवी तर, पण काहीतरी बोल रे."

रंभाजीचे ओठ हलले. एकेक शब्द शोधून आणावा तसा तो बराच वेळ थांबला.

"आक्कासाहेब," तो म्हणाला, "झाडावर जागेचा कर नव्हता."